दोष सापडला नाही

ऑर्गन सुरात लावायला दोन माणसं लागतात, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. एक आत, पाइपांच्या गर्दीत उभं. दुसरं बाहेर, वाजवणाऱ्याच्या बाकावर. बाहेरच्यानं एक पट्टी दाबून धरायची. आतल्यानं त्या पट्टीचा पाइप शोधायचा, पितळी हत्यारानं त्याच्या डोक्यावर हलक्या टिचक्या मारायच्या आणि सूर जागेवर आला की ओरडायचं, "पुढची!" मग पुढची पट्टी. आमच्या चर्चच्या ऑर्गनला पाइपांच्या चौदा रांगा आहेत, एकेका रांगेत एकसष्ट पाइप, आणि प्रत्येक रांग वाजती करायला बाकाशेजारी ओढायची एक खुंटी. वर्षातून दोन खेपा, दर खेपेला दोन दिवस, आणि अशी बत्तीस वर्षं. एवढ्या वेळा मला माझ्या सख्ख्या वडिलांनीही हाक मारली नसेल.

बाहेरचं माणूस म्हणजे मी. आतले ते. आमच्या घरात त्यांना 'पुढचीवाले' म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं, आणि वडील गेल्यावरही ते तसंच राहिलं, कारण घरात मी एकटीच उरले होते आणि मला ते बदलायचं नव्हतं.

गेल्या महिन्यात त्यांची शेवटची खेप झाली. त्या खेपेला मला त्यांना एकच सांगायचं होतं: जाऊ नका. दोनच शब्द. दोन शब्दांना दोन दिवस पुरतील असा माझा अंदाज होता.

आमचं उपनगर आधी कागदावर जन्मलं आणि मग जमिनीवर उतरलं. शंभरेक वर्षांपूर्वी आखणी करणाऱ्या साहेबांनी टेकाडाच्या माथ्यावर कंपासचं टोक रोवलं आणि सांगितलं, इथे चर्च. अँग्लिकन पंथाचं, तपकिरी विटांचं, अंगापेक्षा कळसच मोठा असलेलं. मग त्याच्याभोवती रस्ते असे वळवले की कुठल्याही रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं तरी कळस दिसलाच पाहिजे. घरांच्या दारांना रंग चारच. कुंपणाची झुडपं छातीपर्यंत, वर बोटभरही नाही. पुढच्या अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत. हे नियम अजून आहेत, आणि ते पाळले जातात की नाही हे बघायची नोकरी माझी. खुणा केलेली काठी घेऊन मी रस्तोरस्ती फिरते, झुडपांना काठी लावते, आणि झाड वर गेलं असेल तर घरमालकाला पत्र धाडते. मागून सगळे मला 'काठीवाल्या बाई' म्हणतात. तोंडावर नुसतं 'बाई', आणि चहा घेणार का, असं.

नोकरी सोडली तर माझं सगळं आयुष्य त्या चर्चच्या आतबाहेर गेलं. वडील तिथले सेवक होते. दारं उघडायची, मेणबत्त्या लावायच्या, उपासना संपली की बाकांखालून हातमोजे आणि चष्मे गोळा करायचे, आणि वर्षातून दोनदा ऑर्गनच्या पट्ट्या दाबायच्या. त्यांच्या बोटांचे सांधे धरले तेव्हा त्यांनी मला बाकावर बसवलं. मी पंचवीस वर्षांची होते. बसवताना त्यांनी एकच धडा दिला.

"पट्टी दाबणाऱ्याला बोटं असतात, कान नसतात. सूर लागला की नाही ते आतला माणूस ठरवणार. आपण तोंड उघडायचं नाही."

तोंड न उघडण्याचं काम मला नवं नव्हतं. आमच्या घरात ते पिढीजात आहे.

पहिल्या खेपेला ते दुपारपर्यंत मला दिसलेच नाहीत. सकाळी मी आले तेव्हा ते आत शिरलेले होते. मला फक्त आवाज ऐकू येत होता. लाकडी कपाटाच्या पोटातून, धुळीतून, शिशाच्या नळ्यांमधून गाळून आलेला, जरा भारी, कधी घाई नसलेला. "पुढची." मी दाबायची. आधी लावलेल्या रांगेतला पाइपही सोबत वाजत असतो; दोन पाइप जुळलेले नसले की सूर डोलतो, पाळण्यासारखा मागेपुढे होतो. जुळत आले की डोलणं संथ होतं. आणि जुळले की सूर स्थिर उभा राहतो. तो उभा राहिला की माझ्या पोटात काहीतरी बरं वाटायचं, आणि नेमकं तेव्हाच ते म्हणायचे, "पुढची." मला कान असायची परवानगी नव्हती, पण होते त्याला काय करणार. दुपारी एक वाजता ते मागच्या छोट्या दारातून वाकून बाहेर आले. केसांत कोळिष्टकं, शर्टाच्या बाह्या कोपरावर गुंडाळलेल्या. मला बघून थबकले.

"आजोबा कुठेत?"

"बोटं दुखतात त्यांची. मी मुलगी त्यांची."

"असं." मग त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि जरा अवघडून म्हणाले, "ह्यात आजोबांचंही आहे."

डबा बायकोनं दिलेला होता. म्हणजे पहिल्या भेटीतच, पहिल्या पाच मिनिटांत, मला सगळं समजलं होतं. माझी कुणी फसवणूक केलेली नाही. डब्यात सगळं जोडीनं होतं: दोन अंडी, ब्रेडचे चार तुकडे, आणि फळांच्या बारीक बारीक फोडी. वडिलांना दात नव्हते, म्हणून ती माउली फळ सोलून, बिया काढून, बोटाच्या पेराएवढ्या फोडी करून द्यायची. त्या फोडी मी खाल्ल्या. पुढच्या खेपेलाही खाल्ल्या. त्याच्या पुढच्याही. सहाव्या वर्षी डब्यात एक चिठ्ठी होती: "आजोबा, ह्या वेळी फळ जरा कच्चं आहे, जपून खा."

मी ती वाचली, घडी घातली आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते अंडं सोलण्यात गर्क होते. अंडं सोलायला कुणाला एवढा वेळ लागत नाही. पट्ट्यांवर आता आजोबा नाहीत, तिशीतली एक बाई आहे, हे त्यांनी घरी सांगितलेलंच नव्हतं. आणि माझे सगळे दात शाबूत असताना मी ते कच्चं फळ जपून खाल्लं.

मी काही वाहवत जाणारी बाई नाही. लग्नासाठी स्थळं येत होती. एकाला मी माझ्या हौसेनं चर्चमध्ये नेलं, ऑर्गन ऐकवला. तो म्हणाला, फार रडका आवाज आहे हो. दुसऱ्यानं आमच्या घराच्या दाराचा रंग बदलता येईल का, असं विचारलं. पुढे वडील अंथरुणाला खिळले आणि स्थळं आपोआप थांबली. मी खोटं सांगणार नाही, मला हायसं वाटलं. मला जो माणूस हवा होता तो वर्षातून चार दिवस दोन तासांची बस धरून यायचा, त्यातला बराचसा वेळ मला दिसायचाही नाही, आणि संध्याकाळच्या बसनं ज्या घरी जायचा तिथे त्याच्यासाठी फळं चिरणारी एक चांगली बाई होती. एवढंच होतं. त्यात कुणाचं काही चोरलेलं नव्हतं, कुणाला काही दिलेलंही नव्हतं.

फक्त ती वही.

प्रत्येक ऑर्गनच्या बाकापाशी एक वही असते. डाव्या बाजूला वाजवणाऱ्यानं तक्रार लिहायची: अमुक खुंटी अडते, तमुक पट्टीतून हवा गळते. तीच तक्रार कार्डावर उतरवून ऑर्गन लावणाऱ्याला पाठवायची. त्यानं यायचं, बघायचं, आणि वहीत उजव्या बाजूला उत्तर लिहायचं. आमचे वाजवणारे गृहस्थ बोटांनी बहाद्दर आणि अक्षराला आळशी, म्हणून तक्रारी लिहायचं काम माझ्याकडे आलं. चौथ्या वर्षी, पावसाळी हवेत, पुढच्या खेपेला अजून तीन महिने असताना, मी वहीत लिहिलं: "खालून तिसरी खुंटी, वरून नववी पट्टी. दमट हवेत सूर कापतो." सूर कापत नव्हता. दमट हवेत जे कापत होतं ते दुसरंच होतं.

ते आले. खास खेप करून आले. मी ती पट्टी दाबली, त्यांनी आत उभं राहून ऐकली. बराच वेळ ऐकली. मग बाहेर येऊन, पेनाचं टोपण दातांत धरून, त्यांनी लिहिलं: "दोष सापडला नाही. पुन्हा येऊन पाहतो."

बत्तीस वर्षांत मी असे अकरा खोटे दोष लिहिले. अकराच. हवं तर वही काढून मोजा. अकराही वेळा तेच उत्तर आहे, त्याच अक्षरात: "दोष सापडला नाही. पुन्हा येऊन पाहतो." खऱ्या दोषांपुढे नुसतं "ठीक केलं" असतं. आम्ही याविषयी कधी एक शब्द बोललो नाही.

मागच्या वर्षी हिवाळ्याच्या खेपेला ते आले तेव्हा डबा विकतचा होता. पत्नी उन्हाळ्यात गेल्या होत्या. मी "वाईट झालं" म्हणाले आणि ते माझ्या मनापासून आलं होतं. एकतीस वर्षं मी त्या बाईच्या हातचं जेवले होते आणि तिनं मला म्हातारा समजून माझे लाड केले होते. तिच्यासाठी मी घरी येऊन रडले. आणि रडता रडता मनात जे दुसरं आलं, त्याची मला लाज वाटली, पण आलं हे खरं आहे.

मग ह्या वर्षी पाळकबाईंनी मला बोलावलं. आमच्या चर्चला सात वर्षांपासून बाई पाळक आहेत. चांगल्या आहेत, फक्त प्रत्येक गोष्टीला 'छान' म्हणतात.

"ह्या खेपेनंतर नवी कंपनी येणार," त्या म्हणाल्या. "आपले जुने गृहस्थ काम थांबवतायत. मुलीकडे राहायला जाणार आहेत, खूप लांब. त्यांनी स्वतःच कळवलं. आणि तुम्हालाही आता सुटका बरं का! नव्या कंपनीचा माणूस एकटाच येतो. सूर फोनवर बघतो आणि पट्ट्या दाबायला त्याच्याकडे रिमोट असतो. छान ना?"

"छान," मी म्हणाले. त्या दिवशी मी सात घरांना झुडपांची पत्रं धाडली. त्यांतल्या दोन घरांची झुडपं तर अगदी मापात होती.

शेवटच्या खेपेचा पहिला दिवस मी वाया घालवला. सकाळी ते म्हणाले, "थंडी आहे." मी म्हणाले, "आहे." मग ते आत गेले. आठ रांगा झाल्या. प्रत्येक रांगेच्या शेवटी मी मनात म्हणायची, आता सांगते. आणि आतून "दुसरी खुंटी ओढा" आलं की मी खुंटी ओढायची. संध्याकाळी त्यांनी साडेपाचची बस धरली. घरी येऊन मी आरशासमोर दोन शब्द म्हणून पाहिले. ते कुंपणाच्या पत्रासारखे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला मागच्या बाकावर बसलो. त्यांनी डबा उघडला. ह्या वेळी विकतचा नव्हता. वाकडातिकडा कापलेला ब्रेड, दोन अंडी आणि एक आख्खं सफरचंद. त्यांनी खिशातून सुरी काढली आणि ते सोलायला लागले. सालीबरोबर निम्मं फळ गेलं. उरलेल्याच्या त्यांनी बारीक फोडी केल्या, बिया काढल्या आणि डब्याच्या झाकणात घालून माझ्यापुढे सरकवल्या.

"मला दात आहेत हो," मी म्हणाले. बत्तीस वर्षांनी.

ते हसले. मग बराच वेळ सुरी पुसत राहिले.

"ती शेवटी शेवटी म्हणाली, त्या पट्ट्यावाल्या आजोबांना उपाशी ठेवू नका. मी गेल्यावर तुम्ही विसराल."

"तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत कधी?"

"पहिल्या खेपेला राहून गेलं. विसरलो, खरंच विसरलो. दुसऱ्या खेपेला सांगणार होतो, तर मग पहिल्यांदा का नाही सांगितलं, ते सांगावं लागलं असतं. आणि मग..." त्यांनी सुरी मिटली. "मग सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सांगता आलं नाही. काही असतं तर कदाचित सांगितलं असतं."

"त्यांना माहीत होतं?"

"आजोबा आता एकशे दोन वर्षांचे झाले असते," ते म्हणाले. "ती हिशेबात पक्की होती. पण मला नाही माहीत. विचारायचं धाडस झालं नाही."

मी सगळ्या फोडी खाल्ल्या. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात सफरचंद होतं, ही सबब मला तेव्हा पुरेशी वाटली.

शेवटची रांग सगळ्यांत बारीक पाइपांची. खालच्या पट्ट्यांचे पाइप हातभर, वर जावं तसे पेन्सिलीएवढे, आणि शेवटचा करंगळीच्या पेराएवढा. इतके नाजूक की हात जवळ नेला तरी उबेनं सूर हलतो. चाळीस पट्ट्या नीट झाल्या. पंचेचाळीस. एक्कावन्नावी मी दाबली. सूर डोलत होता, चांगला थरथरत होता. आतून एक टिचकी ऐकू आली आणि लगेच आवाज आला, "पुढची."

मला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. बावन्नावी दाबली. ती त्याहून वाईट. दोन टिचक्या. सूर होता तिथून आणखी चढला.

"पुढची."

वडिलांचा धडा मला पाठ होता. बोटं असतात, कान नसतात. पण ह्या माणसाच्या हातून बत्तीस वर्षांत एक पाइप बेसूर सुटलेला नव्हता, आणि शेवटच्या दिवशी दहा सुटणार होते. पुढच्या खेपेला तो फोनवाला येणार, आकडे बघणार, आणि म्हणणार, आधीचा माणूस कोण होता हो? ते मला सहन होणारं नव्हतं. मी बावन्नावी सोडली नाही.

"पुढची."

मी दाबून धरली.

"बाई, पुढची."

"नाही," मी म्हणाले.

 फक्त भात्याची हवा आणि तो थरथरणारा सूर. मला वाटलं, आता ते चिडतील. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नसतं, हे रोज काठी घेऊन फिरणारी बाई असूनही मला माहीत आहे.

मग आतून विचारलं, "किती?"

"थोडं. चढं आहे."

हलकी टिचकी. "आता?"

"अजून. अगदी थोडं."

"आता?"

सूर उभा राहिला.

"झालं," मी म्हणाले, आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून त्यांचाच शब्द म्हणाले. "पुढची."

आम्ही मागे जाऊन एक्कावन्नावी दुरुस्त केली आणि मग वर चढू लागलो. मी दाबायची, मीच ऐकायची, मीच सांगायची. ते आत हात हलवायचे. छप्पन्नाव्या पट्टीला ते बोलले. आतूनच. समोर असते तर बोलले नसते.

"दोन वर्षं झाली. वरच्या दहा-अकरा येतच नाहीत मला. नुसती हवा ऐकू येते. गेल्या खेपांना अंदाजानं ठेवल्या, देवाच्या कृपेनं निभावलं. म्हणून थांबवतोय. मुलीला कारण सांगितलं नाही. कुणालाच नाही."

"मी नाही सांगणार."

"तुम्ही कशा सांगाल," ते म्हणाले. "तुम्हाला कुठे कान आहेत."

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी. अठ्ठावन्न. एकोणसाठ. मी शक्य तितक्या सावकाश ऐकत होते. उंच खिडक्यांतून येणारं ऊन बाकांवरून सरकून भिंतीवर चढलं होतं. पाच वाजायला आले होते. साठ झाली.

एकसष्टावी पट्टी म्हणजे उजवीकडचं शेवटचं टोक. त्यानंतर लाकूड. मी ती दाबली. किड्याच्या आवाजाएवढा बारीक सूर, पण थरथरणारा. एक टिचकी. दुसरी. तिसरीला तो उभा राहिला. इतका स्वच्छ की चर्चच्या पार दुसऱ्या टोकालाही तसाच ऐकू गेला असता.

"झालं?" आतून आलं.

झालं होतं. मी 'झालं' म्हटलं की ते वाकून बाहेर येणार, बाह्या खाली करणार, हत्यारं कापडात गुंडाळणार, आणि पुन्हा कधी येणार नाहीत. मला तो माणूस हवा होता. इतकं साधं होतं ते. बत्तीस वर्षं झाकून ठेवलं म्हणून काही ते मोठं किंवा अवघड झालेलं नव्हतं. 'जाऊ नका' हे शब्द जिभेवर होते.

"अजून नाही," मी म्हणाले.

आत टिचकी वाजली. टक्. आणि सूर जागचा हलला नाही.

 तो पाइप नुसत्या उबेनं हलतो. टिचकी बसली असती तर कुठच्या कुठे गेला असता. त्यांनी पाइपला हातच लावलेला नव्हता. शेजारच्या फळीवर टिचकी मारली होती.

"आता?"

"नाही अजून."

टक्. पुन्हा लाकडावर. सूर तसाच, स्वच्छ, उभा.

त्यांना तो ऐकू येत नव्हता. मी खोटं बोलत होते. तरी दोघांनाही सगळं कळत होतं. असं किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. मी "नाही" म्हणायची, ते फळीवर टिचकी मारायचे. शेवटी तर त्यांनी टिचकी मारणंही सोडून दिलं. ते आत उभे, मी बाहेर बसलेली, मध्ये एवढासा सूर. माझं बोट पांढरं पडलं होतं.

मग मागचं मोठं दार उघडलं आणि पाळकबाई आत आल्या.

"झालं का? छान! मला सहाच्या उपासनेसाठी दिवे लावायचे होते."

माझं बोट पट्टीवरून सुटलं.

ते बाहेर आले. पाळकबाई त्यांच्याशी बोलत राहिल्या, आभार मानत राहिल्या, मुलीचं गाव कसं आहे, हवा कशी आहे, हे विचारत राहिल्या. त्यांनी हत्यारं गुंडाळली. वही घेतली, पेनाचं टोपण दातांत धरून काहीतरी लिहिलं, पुठ्ठा उघडून आणखी काहीतरी लिहिलं. मी बाकावरून उठले नाही.  त्यांनी कोट घातला, माझ्यासमोर क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "बरं, येतो."

निघणारं माणूस 'येतो'च म्हणतं. त्याला काही अर्थ नसतो, हे मला कळतं. मी म्हणाले, "या." दार लागलं. चर्चच्या दारापासून बस थांब्यापर्यंतचा रस्ता सरळ खाली जातो, आणि त्या साहेबांच्या आखणीनुसार तिथून मागे वळून पाहिलं की कळस दिसतो. त्यांनी वळून पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी खिडकीपाशी गेले नाही.

घरी येऊन मी स्वतःला चार शिव्या दिल्या. बत्तीस वर्षांत चार अक्षरंसुद्धा जमली नाहीत. लोकांना पत्रं लिहिण्यात हयात घालवलेली बाई.

सकाळी कामावर जायच्या आधी मी चर्चमध्ये गेले. वही आवरून ठेवायची होती. नव्या कंपनीला वही लागत नाही, ती कपाटात ठेवून द्या, असं पाळकबाई म्हणाल्या होत्या. शेवटचं पान उघडलं. डावी बाजू कोरी होती. मी काही तक्रार लिहिलीच नव्हती. उजव्या बाजूला तारीख होती, आणि खाली:

"बारीक रांग. एकसष्टावी पट्टी. दोष सापडला नाही. पुन्हा येऊन पाहतो."

मी ते उभ्यानं वाचलं आणि मग बाकावर बसून वाचलं. मग मला पुठ्ठ्याची आठवण झाली. पुठ्ठ्याच्या आत, तक्रारीची कार्डं कुठे पाठवायची ते कळावं म्हणून, त्यांच्या कारखान्याचा पत्ता चिकटवलेला असतो. त्यावर एक रेघ मारलेली होती. खाली त्याच अक्षरात नवा पत्ता लिहिला होता, घर नंबर आणि रस्त्यासकट. मुलीचा.

त्या दिवशी उपनगरातली झुडपं आपापल्या मर्जीनं वाढली. मी काठी भिंतीला टेकवून ठेवली, वहीच्या डाव्या बाजूला माझ्या कचेरीच्या अक्षरात लिहिलं, आणि पद्धतीप्रमाणे तेच कार्डावर उतरवलं:

"बारीक रांग. एकसष्टावी पट्टी. दोष आहे. जुना आहे. लवकर यावं."

कार्डावर अजून पुष्कळ जागा उरली होती. मी पेन हातात धरून बसले. वहीत जे कधी लिहायचं नसतं ते कार्डावर लिहू नये, असा नियम कुणी केलेला नाही. मग मी खाली एक ओळ लिहिली आणि विचार बदलायच्या आत जाऊन ते पेटीत टाकलं.

"येताना डबा आणू नका."